लाल बटणाचा मानकरी

टीव्हीच्या खालच्या फळीवर, फुलदाणीच्या डाव्या हाताला, निळ्या कापडी अभ्र्यातली जी काळी, चपटी पेटी तुम्हांला दिसते आहे, ती मी. फुलदाणीला वाचा नाही. बोलतोय तो मीच. टीव्हीवरचे कार्यक्रम साठवून ठेवणारा रेकॉर्डर, ही माझी जात. माझ्या अभ्र्यावर मधोमध एक लाल बटण शिवलेले आहे. कोटाला असते तसले, चार भोकांचे. ते माझे मानचिन्ह आहे. ते मला कसे मिळाले, हे सांगण्यासाठीच आज मी तोंड उघडले आहे. आत्मस्तुती वाईट, हे मी जाणतो. परंतु आमच्यासारख्या पेट्यांची स्तुती दुसरे कोणी करीत नाही, त्यामुळे ते काम स्वतःलाच करावे लागते.

माझा जन्म पांढऱ्याशुभ्र दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी पुढे सरकत होतो आणि कोणी माझ्या पोटात तबकडी बसवीत होते, कोणी पंखा, कोणी खाली रबराचे पाय. शेवटी एका तपासनीस बाईंनी मला पडद्याशी जोडले. पडद्यावर एक घोडा भरधाव धावत होता. बाईंनी मला थांबवले. घोडा चारही पाय उचललेल्या अवस्थेत हवेतच थबकला. त्या जरा वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मला सोडले, आणि घोड्याने पाय टेकले.

“ह्याला नीट थांबता येतं,” त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर शिक्का बसला.

धावता सगळ्यांनाच येते. थांबायला शिकावे लागते. माझ्या आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची परीक्षा, आणि मी तीत पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झालो.

पुढे मी एका दुकानाच्या मांडणीवर येऊन बसलो. माझ्या उजवीकडे एक झगमगीत पेटी होती. तिच्या तोंडावर निळे-हिरवे दिवे अखंड लुकलुकत असत. लग्नाला उभी असल्यासारखा तिचा थाट होता. डावीकडे काडेपेटीएवढे एक चिरंजीव होते, स्वस्त आणि चुणचुणीत. येणारे गिऱ्हाईक उजवीकडे पाही, डावीकडे पाही आणि माझ्यावरून नजर अशी फिरवी, की जणू तिथे भिंतच आहे. माझ्या खोक्यावर धूळ बसली. तरीही मी खचलो नाही. ज्याला थांबता येते, त्याला वाटही पाहता येते.

एके दिवशी ते दोघे आले. ते निवृत्त बसचालक. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट. त्या शिवणकाम करणाऱ्या. गल्लीतले सगळे ह्यांना शिलाईकाकू म्हणतात आणि त्यांना नुसते काका. गळ्यात मोजपट्टी होती, ती काढून ठेवायला त्या विसरल्या होत्या. किंवा विसरल्या नसतीलही. पुढे माझी खात्री झाली, की ती पट्टी त्यांच्या अंगाचाच भाग आहे.

“केबल काढून टाकली!” विक्रेत्या मुलीने न विचारताच काकांनी जाहीर केले. “शेकड्यांनी गाड्या सुटतात, पण आपल्या गावाला जाणारी एक नाही. बंद करा म्हणून फोन केला, तर आधी गाणंच ऐकवत बसले. मग एक पोरगा म्हणतो, ‘काका, जाऊ नका, तुम्हांला आणखी चॅनेल देतो.’ अरे, पचेना म्हणून पानावरून उठलो, आणि हा आणखी वाढतोय!”

“आता छतावर अँटेना लावायचाय,” काकूंनी मुद्द्याची गोष्ट सांगितली. “हवेतून येतं तेवढं आम्हांला पुरे. पण कार्यक्रम साठवता आले पाहिजेत.”

मुलीने अर्थातच झगमगीत पेटीवर हात ठेवला. “ही घ्या. सगळ्यांत नवी. तुमची आवड ओळखते, तुम्ही न सांगता कार्यक्रम साठवते. फक्त महिन्याला थोडी वर्गणी भरायची.”

“म्हणजे दारातून घालवलेला पाहुणा खिडकीतून आत!” काका म्हणाले. “नको. पुढं चला.”

मग तिने काडेपेटी दाखवली. काकूंनी ती तळहातावर घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, “चालू कार्यक्रम थांबवता येतो का हिच्यात?”

“साठवलेला येतो. चालू असलेला नाही.”

“मग काय उपयोग? कार्यक्रम ऐन रंगात आला, की नेमकं गिऱ्हाईक दारात उभं राहतं. त्याची मापं घेऊन येईस्तोवर इकडं सगळं आटोपलेलं असतं.”

मुलीने माझ्याकडे पाहिले. इतक्या महिन्यांत प्रथमच कोणी माझ्याकडे पाहत होते. “हा आहे. दिसायला साधाच आहे; पण एका वेळी दोन कार्यक्रम साठवतो, वर्गणी लागत नाही आणि चालू कार्यक्रमसुद्धा थांबवून ठेवतो.”

“किती वेळ?”

“बराच वेळ. तुम्ही गिऱ्हाइकाचं काम उरकून येईपर्यंत नक्की.”

काकूंनी गळ्यातली पट्टी काढली आणि भर दुकानात माझी मापे घेतली. “फळीत बसेल,” त्या म्हणाल्या. “छाती अगदी बरोबर आहे.”

“बाह्याही बघून घे,” काका म्हणाले.

ती मुलगी खळखळून हसली. मी मात्र छाती आणखी ताठ केली. झगमगीत पेटीचे दिवे त्या क्षणी किंचित मंद झाल्याचा मला भास झाला. कदाचित तो माझ्या मनाचा खेळ असेल.

घरी आल्यावर काका अँटेना घेऊन छतावर चढले आणि काकू खिडकीतून मान बाहेर काढून पडद्याची खबर देऊ लागल्या.

“डावीकडं घ्या! अजून! अहो, तुमचं डावं नव्हे, माझं डावं!”

“उभी हयात गाडी चालवली मी, आणि तू मला डावं-उजवं शिकवतेस?”

“गाडी चालवलीत, पण वळवायला मागं कंडक्टर लागायचाच की! येऊ द्या... येऊ द्या... बस्स! चित्र आलं!”

असा माझा गृहप्रवेश झाला. काकूंनी खिडकीच्या पडद्याच्या उरलेल्या कापडातून माझ्यासाठी निळा अभ्रा शिवला आणि श्वास घ्यायला जागा हवी म्हणून मागच्या बाजूला जाळी लावली. उद्योग करता करता दिवसाही टीव्ही ऐकण्याची त्यांना सवय होती. त्यामुळे मला काम भरपूर मिळाले. गिऱ्हाईक आले, की काकू मला थांबवीत. गेले, की सोडीत. काकांनी माझ्या पोटात घाटातल्या रस्त्यांचे आणि जुन्या इंजिनांचे इतके कार्यक्रम कोंबले, की मला वारंवार ‘जागा संपली’ अशी पाटी झळकवावी लागे. “खाऊन खाऊन तुंबला बिचारा,” असे म्हणत काकू त्यांतले अर्धे पुसून टाकीत. मग दोघांची जुंपे. माझ्या डोक्यावर चष्मा ठेवू नये, हे मात्र अजून कोणीही काकांना शिकवू शकलेले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो.

शनिवार-रविवार सोडून रोज संध्याकाळी टीव्हीवर प्रश्नमंजुषेचा एक कार्यक्रम लागतो. निवेदक प्रश्न विचारतो, चार पर्याय एकेक करून वाचून दाखवतो, आणि समोरचा स्पर्धक उत्तर देतो. काकूंची थोरली बहीण शहराच्या पलीकडच्या टोकाला राहते. ह्या बहिणीचे स्वतःचे औषधांचे दुकान आहे, आणि एवढे वय झाले तरी काउंटरवर त्या स्वतः उभ्या असतात. त्यांना सगळे ताई म्हणतात. बहीण म्हणते, गिऱ्हाइके म्हणतात आणि काकाही म्हणतात. ह्या दोघी बहिणी गेली अनेक वर्षे हा कार्यक्रम एकत्र पाहत आल्या आहेत. एक ह्या टोकाला, दुसरी त्या टोकाला, आणि मध्ये फोन. स्पर्धकाच्या आधी जिच्या तोंडून बरोबर उत्तर निघेल, तिला गुण.

ताईंचे नियम कडक होते. चौथा पर्याय आपल्या कानांवर पडल्याखेरीज तोंड उघडायचे नाही. प्रश्न चालू असताना फोनवर तळहात घट्ट दाबून धरायचा, म्हणजे एकीच्या घरातला गलबला दुसरीच्या कानात जाणार नाही. हात काढायचा तो उत्तर देण्यासाठीच. गुणांचा हिशेब काकूंकडे होता. त्यांच्याकडे दोन काचेच्या बरण्या होत्या. ताईंच्या प्रत्येक गुणाला एक पांढरे बटण, स्वतःच्या गुणाला एक लाल. मी आलो, तेव्हा पांढरी बरणी गळ्यापर्यंत आली होती आणि लाल बटणांनी दुसरीचा तळही धड झाकला नव्हता.

“धाकटे, जागी आहेस ना?” प्रत्येक गुणानंतर ताई फोनवरून विचारीत.

“जागी आहे. तूच जरा डुलकी काढ की!”

मी जोडला गेलो त्याच आठवड्यात चमत्कार घडला. काकू जिंकू लागल्या. चौथा पर्याय वाचून होई, काकू जरा वेळ भुवया आक्रसून बसत, मग हात काढून उत्तर देत, आणि पलीकडून ताईंचा आवाज येई, “अगं, अगदी ओठांवर होतं माझ्या!” एकदा असे झाले, दोनदा झाले, मग रोजच होऊ लागले. लाल बटणे संपली. काकूंनी एका जुन्या कोटाची बटणे कापून बरणीत टाकली. त्यांची चाल बदलली. गिऱ्हाइकांशी बोलताना त्यांची मान वर राहू लागली.

“डबा बदलला, का डोकं बदललं?” काकांनी विचारले.

“डोकं होतंच,” काकू म्हणाल्या. “लोकांच्या आत्ता लक्षात येतंय.”

खरे सांगायचे, तर मला ह्यात माझाच पायगुण दिसत होता. कोणी काही म्हणो, मी घरात आल्यापासून ह्या बाईंचे नशीब फळफळले, हे मी स्वतःला रोज ऐकवीत होतो. अभिमानाला कारण पुरत नाही, तेव्हा तो कारण बनवून घेतो.

सुरुवातीला ताईंनी कौतुक केले. मग त्या थट्टा करू लागल्या. मग त्यांची थट्टा थांबली. एके रविवारी दुपारी त्या प्रत्यक्षच घरी आल्या. उंच, सडसडीत, ताठ कण्याच्या बाई. चष्म्याच्या काचा आरशासारख्या लख्ख. काकूंनी चहा पुढे केला. तो त्यांनी हातातच धरून ठेवला.

“धाकटे, मी काउंटर सोडतेय,” त्या म्हणाल्या. “येत्या शनिवारी दुकानाची किल्ली सूनबाईंच्या हातात देणार.”

“का गं? तब्येत बरी नाही का?”

“तब्येतीला काय धाड भरलीय? डोकं मंदावलंय.” ताईंनी कप खाली ठेवला. “परवा सारख्या नावाची दोन औषधं समोर होती. माझा हात क्षणभर घुटमळला. पूर्वी मी त्याकडं लक्षही दिलं नसतं. पण आता रोज संध्याकाळी पुरावा मिळतोय. उत्तर मला येतं, नाही असं नाही. पण उशिरा येतं. तू माझ्यापुढं जातेस, ह्याचं वाईट नाही वाटत मला. मी मागं पडतेय, ह्याची भीती वाटते. औषधं देणाऱ्या माणसानं मंद होऊन चालत नाही. दुसऱ्यानं सांगण्याआधी आपणच उठलेलं बरं.”

“मी थोडी हुशार झालेय, असं का नाही म्हणत तू?”

“म्हणून पाहिलं,” ताई म्हणाल्या. “पण माणूस साठीनंतर महिन्याभरात इतका हुशार होत नाही.”

काकूंना ते लागले. आणि ते खरेही वाटले. ताई गेल्यावर त्यांनी लाल बरणी फळीवरून उचलून शिवणयंत्राच्या मागे ठेवली. काका म्हणाले, “अगं, मग मुद्दाम हर थोडे दिवस.” काकू म्हणाल्या, “तिला कळणार नाही, असं वाटतं तुम्हांला? खोटं हरलेलं तिला लहानपणापासून ओळखता येतं.”

सोमवारी संध्याकाळी नेहमीप्रमाणे फोन वाजला. पण ताईंचा आवाज नेहमीचा नव्हता. “तू खेळ. मी आज नुसती ऐकतेय,” त्या म्हणाल्या. त्यांनी बहुधा फोन मेजावर ठेवून दिला असावा. खेळायचेच नव्हते, म्हणून त्यांनी त्यावर हातही ठेवला नाही.

पडद्यावर निवेदकाने विचारले, “मधमाशीला डोळे किती असतात? दोन, चार, पाच की सहा?”

काकूंनी फोन कानाला लावलेलाच होता. त्या विचार करू लागल्या, आणि एकदम दचकल्या. फोनमधून निवेदक म्हणत होता, “...चार, पाच की सहा?”

त्यांनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिले. मग पुन्हा कानाला लावला. पडद्यावर स्पर्धक म्हणाला, “पाच.” टाळ्या पडल्या. टाळ्या विरल्या. आणि मग फोनमधला स्पर्धक म्हणाला, “पाच.”

“अहो, इकडं या!” काकूंनी फोन काकांच्या कानावर दाबला. “ऐका. नीट ऐका.”

काकांनी डोळे मिटून ऐकले. घाटात लांबून येणाऱ्या गाडीचा अंदाज घेताना ते असेच ऐकत असणार. “अगं, ही तर मागची गाडी आहे,” ते म्हणाले. “म्हणजे गाडी एकच, पण रस्ते दोन. आपल्याकडं छतावरून सरळ येतंय, कुठं थांबा नाही. ताईंच्याकडं आधी केबलवाल्यांच्या डेपोत जातंय, तिथं नोंदी होतात, तिकिटं फाटतात, मग लांबच्या वळणानं घरी पोचतंय. आपणही केबलवर होतो, तोवर दोघी एकाच गाडीत होतात. तू उतरलीस आणि सरळ रस्ता धरलास.”

मी ऐकत होतो, आणि माझ्या पोटातला पंखा जोरात फिरू लागला. म्हणजे पायगुण नव्हताच! ताईंना चौथा पर्याय ऐकू येण्याआधी काकूंचा विचार करून झालेला असे, एवढेच. अँटेना सरळ उभा होता, ह्यापलीकडे त्या विजयात कोणाचेच कर्तृत्व नव्हते. इतका ओशाळलो मी, की अभ्रा होता हे बरे झाले.

काकू शिवणयंत्रामागून लाल बरणी घेऊन आल्या आणि ती मांडीवर धरून बसल्या. त्यांनी आयुष्यात मिळवलेला तो एकमेव चषक होता.

“नाही सांगितलंस, तर कोण विचारणार आहे?” काका हळूच म्हणाले. हे ते मनापासून म्हणत नव्हते, हे मला कळत होते. बायकोची बाजू एकदा तरी कोणी घ्यावी, म्हणून ते बोलत होते.

“शाळेत जाताना ताई भराभर पुढं निघून जायची,” काकू बरणीकडे पाहत म्हणाल्या. “माझे पाय आखूड. कोपऱ्यावर पोचावं, तर ही तिथं बुटाची नाडी बांधत बसलेली. रोज. कुणाची नाडी रोज त्याच कोपऱ्यावर सुटते हो?”

त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि मोठ्याने हाक मारली. “ताई! ए ताई! फोन घे!”

“काय गं? ओरडतेस कशाला?”

“टीव्हीकडं बघ. आता तो निवेदक चष्मा काढेल.”

फोनमध्ये शांतता. मग ताईंचा आवाज: “काढला.”

“आता त्या बाईंना पाणी आणून देतील.”

“...दिलं. धाकटे, हे काय चाललंय?”

“ग्लास लवंडेल. बघ, लवंडला असेल आता.”

“अगं बाई! लवंडला! तुला कसं कळतंय हे?”

“कारण माझ्याकडं आधी येतं, ताई! आम्ही केबल काढल्यापासून मला सगळं तुझ्याआधी दिसतंय आणि तुला माझ्यानंतर. मला कुठं ठाऊक होतं? आत्ता, तू फोनवर हात ठेवला नाहीस, तेव्हा ऐकू आलं.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. माझ्यासारख्या थांबण्यात पारंगत असलेल्यालाही पुढच्या शब्दासाठी थांबणे जड गेले.

“म्हणजे माझं डोकं...”

“डोकं ठिकाणावर आहे. तुझी केबल मंद आहे.”

“आणि परवा औषधाशी माझा हात घुटमळला, तो?”

“दोन नावं सारखी दिसली, तर शहाण्या माणसाचा हात घुटमळतोच की! न घुटमळणाऱ्याकडून मी औषध घेणार नाही.”

पलीकडून धातूचे काहीतरी किणकिणले. तो किल्ल्यांचा जुडगा होता. पर्सची चेन ओढल्याचा आवाज आला, आणि किणकिणणे बंद झाले.

“सूनबाईंना अजून थोडी वाट बघावी लागेल,” ताई म्हणाल्या. आवाजाला पुन्हा कांजी चढली होती. “आणि तुझ्या त्या लाल बटणांचं काय?”

उत्तरादाखल काकूंनी बरणी बटणांच्या पत्र्याच्या डब्यात उपडी केली. खडखडाट झाला.

“हा कसला आवाज?”

“लाल बटणं डब्यात टाकली.”

“सगळी? अगं, आधीची होती ती खरी होती. तेवढी ठेव.”

“कुठली खरी, कुठली फुकटची, आता कसं ओळखू? मिसळली सगळी.” काकूंनी डब्याचे झाकण दाबून बसवले. “जाऊ दे. पुन्हा मिळवीन.”

“मिळवशील, पण कशी? तुझं चित्र पुढं, माझं मागं. मग आपला खेळ संपलाच म्हणायचा.”

तेवढ्यात काकूंची नजर माझ्यावर आली. दुकानात आली होती, तशीच, मापे घेणारी.

“ताई, फोनवर हात ठेवू नकोस,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मला थांबवले.

निवेदक एक हात वर करून, तोंड उघडे ठेवून हवेत थबकला. मला माझा घोडा आठवला. फोनमधला निवेदक मात्र बोलतच होता; एक वाक्य, मग त्याच्या पुढचे. आमचा निवेदक ज्या शब्दावर थांबला होता, त्याच शब्दाची काकू कान टवकारून वाट पाहत होत्या. शब्द आला आणि त्यांनी मला सोडले. पण बोटाला उशीर झाला, आणि आता आमचाच निवेदक मागे पडला.

“ब्रेक उशिरा सोडलास,” काका म्हणाले. “पुन्हा पुढं जा, आणि आत्ता जरा आधीच सोड.”

काकूंनी मला चालू क्षणापर्यंत पळवले आणि पुन्हा थांबवले. ह्या वेळी त्यांनी डोळे मिटले. माझे बटण त्यांच्या बोटाखाली होते, आणि त्या बोटात उभ्या आयुष्याच्या शिवणकामाची नजर होती. शब्द यायच्या किंचित आधी त्यांनी मला सोडले.

पडद्यातून आणि फोनमधून एकच आवाज आला. दोन आवाज नव्हेत, एकच. शिवणीच्या दोन्ही कडा जुळल्या होत्या आणि मधला दोरा दिसत नव्हता.

“आलीस,” ताई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी उरलेल्या साऱ्या प्रश्नांचे गुण ताईंना मिळाले. काकूंनी पांढरी बटणे मोठ्या दिलदारपणे बरणीत टाकली. पुढच्या दिवशीही तेच, त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. “धाकटे, जागी आहेस ना?” पुन्हा सुरू झाले.

परंतु काकूंनी आता मला खऱ्या अर्थाने वापरायला घेतले. प्रश्नमंजुषेचा प्रत्येक भाग त्या साठवू लागल्या. दुपारी हातशिलाई करताना त्या हरलेले प्रश्न पुन्हा लावीत, मला थांबवीत आणि निवेदकाला उघड्या तोंडाने ताटकळत ठेवून उत्तराचा माग काढीत. कधी सुई तोंडात धरून पुटपुटत, कधी काकांना जुन्या ज्ञानकोशाचे खंड शोधायला लावीत. “पास झालीस, तर मला बढती दे,” काका म्हणत. हे मी नुसते पाहिले नाही. ह्यात मी होतो. ह्यात पायगुण नव्हता, काम होते.

आणि एके संध्याकाळी निवेदकाने विचारले, “कोणत्या ग्रहाचा स्वतःभोवती फिरण्याचा काळ त्याच्या वर्षापेक्षाही मोठा असतो? बुध, शुक्र, मंगळ की गुरू?”

चौथा पर्याय दोन्ही घरांत एकाच क्षणी उमटला. “शुक्र!” काकू म्हणाल्या. त्यांच्या पाठोपाठ, पण पाठोपाठच, फोनमधून ताईंचे “शु—” आले आणि थांबले.

काकांनी श्वास रोखला. मीही रोखला, माझा पंखा त्या वेळी कसा फिरत राहिला, हे माझे मलाच माहीत नाही.

“कुठं वाचलंस हे?” ताईंनी विचारले.

“मागं बुधावर प्रश्न होता, तो मी हरले होते. तेव्हा सगळेच ग्रह वाचून काढले.”

“ह्याला अभ्यास म्हणतात,” ताई म्हणाल्या. ह्याहून मोठी पदवी त्यांच्याकडे नाही. “धाकटे, हे बटण बरणीत टाकू नकोस. बाकीच्यांत हरवेल. दिसेल अशा जागी शिवून टाक.”

काकूंनी डब्यातून एक लाल बटण निवडले. कोटावर शिवतील, असे मला वाटले. त्यांच्या कोटाला बटणे हवीही होती. पण त्या माझ्याजवळ आल्या. त्यांनी माझा अभ्रा काढला, मधोमध खडूची खूण केली, बटण शिवले, दोऱ्याला गाठ मारून तो दाताने तोडला आणि अभ्रा पुन्हा मला घातला. काकांना त्यांनी बजावले, “आता ह्याच्या डोक्यावर चष्मा ठेवाल, तर खबरदार.” (त्यांनी तो दुसऱ्या दिवशी ठेवलाच, पण ठेवताना जरा बिचकले.)

त्या बटणानंतर बरणीत आणखी काही लाल बटणे पडली आहेत, फार नाहीत. पांढरी बरणी बदलून मोठी आणावी लागली. ताई रोज सकाळी काउंटरवर ताठ उभ्या असतात. त्यांच्या सूनबाईंनी मध्यंतरी सुचवले, की तुम्हीही केबल काढा आणि असाच एक रेकॉर्डर घ्या, म्हणजे धाकट्या मावशींना रोज खटाटोप नको. ताई म्हणाल्या, “मुळीच नाही. तिला थांबू दे माझ्यासाठी. पाय आता तिचे लांब झालेत.”

मी आता जुना झालो आहे. माझ्या पोटातून मधूनमधून करकर आवाज येतो. माझ्यानंतर दुकानात आलेल्या पेट्या म्हणे माणसाचा आवाज ओळखतात. ओळखोत बापड्या. मला एकच विद्या येते, आणि ती मी चोख केली आहे. तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेल. त्याची धूळ पुसा, त्याच्यावर ओली फुलदाणी ठेवू नका. आणि त्याचे ते थांबवायचे बटण नुसते गिऱ्हाईक आले म्हणून दाबू नका. तुमच्या मागून कोणी येत असेल, तर तेवढ्यासाठीही दाबून पाहा.

चला, संध्याकाळ झाली. फोन वाजतो आहे. काकूंनी शिवण बाजूला ठेवली आहे, आणि त्यांचे बोट माझ्यावर आले आहे. निवेदक हात वर करून थबकला आहे.

“धाकटे, किती वेळ? जागी आहेस ना?” ताई फोनवरून विचारताहेत.

“थांब गं जरा,” काकू म्हणतात. “नाडी बांधतेय.”